झाड तर आधीच पडलेलं आहे

कॅमेरूनच्या जंगलात एबनीचं झाड उभं असताना त्याच्या पोटात काळं लाकूड किती आहे, हे बाहेरून बघून कळत नाही. झाड पाडावं लागतं, मगच कळतं. अमेरिकेतल्या टेलर गिटार्स या कंपनीने २०११ मध्ये एका स्पॅनिश भागीदारासोबत तिथली क्रेलिकाम नावाची एबनीची गिरणी विकत घेतली. कंपनीचा एक संस्थापक बॉब टेलर झाडं तोडणाऱ्या माणसांशी बोलायला लागला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की साधारण दहा झाडं पाडावीत तेव्हा एक पूर्ण काळं निघतं. उरलेली नऊ जंगलातच पडून राहायची. त्यांच्या लाकडात राखाडी, तपकिरी पट्टे असायचे आणि पट्ट्यापट्ट्यांच्या एबनीला बाजारात भाव नव्हता. जे विकलं जाणार नाही, ते जड लाकूड जंगलातून खांद्यावर वाहून कोण आणणार?

पट्टे असलेली एबनी वाजायला कमी असते असं काही नाही. तितकीच कडक, तितकीच टिकाऊ. तारेखालच्या पट्टीला, म्हणजे फिंगरबोर्डला, जे गुण लागतात ते दोन्हीत आहेत. फरक फक्त रंगाचा. व्हायोलिन, पियानो, गिटार असं करत करत काही पिढ्यांमध्ये जगाच्या डोळ्यांना सवय लागली की चांगल्या वाद्याची पट्टी काळीकुट्ट असते. त्या सवयीची किंमत कोणी मोजली, तर जंगलात पडून कुजणाऱ्या नऊ झाडांनी. टेलरने मग दोन्ही प्रकारच्या लाकडाला सारखाच भाव द्यायचं ठरवलं आणि महागड्या गिटारींवरही पट्टेवाली एबनी लावायला सुरुवात केली. (यात कंपनीचा फायदाही आहेच. टेलर हे काही संत नाहीत, ते गिटार विकतात. पण फायदा झाला म्हणून गोष्ट वाईट ठरत नाही.)

एबनी हे नाव परकं वाटत असेल तर एवढं सांगतो, ते आपल्या टेंभुर्णीचं भावंड आहे. ज्या झाडाच्या पानात विदर्भातली विडी वळली जाते, त्याच कुळातलं. त्यामुळे हे सगळं दूर कुठेतरी आफ्रिकेत चाललंय, अशी सोय आपल्याला फारशी नाही.

माझा एक मित्र पुण्यात, हडपसरला, फ्लॅटच्या बाल्कनीत इलेक्ट्रिक गिटार बनवतो आहे. नोकरी सॉफ्टवेअरमधली. शनिवार-रविवार करवत, पटाशी, कानस, आणि घरभर भुसा. त्याची आई त्या भुशावर वैतागलेली असते, पण शेजारच्या काकू आल्या की तीच त्यांना बाल्कनीत नेऊन दाखवते. गिटारची मान, म्हणजे नेक, त्याने मेपलची घेतली. बॉडी महोगनीची ठरवली. आणि वरच्या पातळ थरासाठी, ज्याला टॉप म्हणतात, त्याचा जीव जडला कोकोबोलोवर.

कोकोबोलो तुम्ही पाहिलं नसेल तर शोधून बघा. मध्य अमेरिकेत, पनामापासून मेक्सिकोपर्यंतच्या पट्ट्यात होणारं हे लाकूड. केशरी, तांबडं, मधूनच जांभळट, आणि त्यावर काळ्या शाईने काढल्यासारख्या रेषा. पॉलिश चढलं की ओल्या दगडासारखं दिसतं. शास्त्रीय नाव डाल्बर्जिया रेटुसा. म्हणजे आपल्या शिसवीचं सख्खं नातेवाईक, कारण शिसव म्हणजे डाल्बर्जिया लॅटिफोलिया. ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात कोकोबोलो २०१३ मध्ये गेलं. याचा अर्थ व्यापार बंद नाही, पण परवान्याशिवाय नाही.

मित्राला एक विक्रेता सापडला. त्याच्याकडे दोन जोडफळ्या होत्या, त्याच्या म्हणण्याप्रमाणे जुन्या साठ्यातल्या. कागद मागितले तर ‘बघतो’ म्हणाला. मित्राने मला फोटो पाठवले आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच उत्तर दिलं, “अरे, झाड तर आधीच पडलेलं आहे. मी नाही घेतलं तर दुसरा घेईल. निदान मी त्याचं वाद्य तरी करीन. दुसरा कोणी त्याची टीव्हीखालची फळी करील.”

हे वाक्य मी बरेच दिवस डोक्यात घोळवतो आहे. कारण ते मूर्खपणाचं नाही. आपण जे काही विकत घेतो त्यातल्या बहुतेक गोष्टींना ते लागू पडतं.

पण त्याआधी एक गाठ सोडवायला हवी. गिटारवाल्यांच्या जगात महागड्या लाकडाचं समर्थन बहुतेक वेळा आवाजाच्या नावाने होतं. शिसवीचा आवाज खोल, मेपलचा चमकदार, महोगनीचा उबदार, अशी विशेषणं तुम्ही ऐकली असतील. आवाजासाठी दुर्मीळ लाकूड लागतंच असेल तर प्रश्न निराळा होतो. मग तो कला विरुद्ध जंगल असा होतो आणि त्यात कलेच्या बाजूने बोलायला पुष्कळ जागा असते.

इलेक्ट्रिक गिटार वाजते कशी, ते पाहू. पोलादी तारेखाली पिकअप असतो. चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं, वेढ्यांमध्ये वीज तयार होते, ती अँप्लिफायरकडे जाते. पिकअप लाकडाला ऐकत नाही, तो तारेची हालचाल टिपतो. लाकडाचा काहीच संबंध नाही असंही नाही. तारेची दोन टोकं ज्यावर टेकलेली असतात ती वस्तू तारेची थोडी ऊर्जा शोषते, म्हणून काही गिटारींवर एखादाच सूर लवकर मरतो. पण हा परिणाम लाकडाच्या जातीपेक्षा त्या विशिष्ट तुकड्यावर, नेकच्या ताठपणावर, जोड किती घट्ट बसला आहे यावर जास्त अवलंबून असतो. पिकअप तारेच्या थोडा जवळ सरकवला तर आवाज जितका बदलतो, तितका लाकूड बदलून ऐकू येईल का, याची मला शंका आहे.

लेस पॉल या गिटारवादकाने १९४० च्या आसपास एक वाद्य केलं, त्याला तो ‘लॉग’ म्हणायचा, म्हणजे ओंडका. पाइनचा चार इंच बाय चार इंचाचा साधा ठोकळा, त्याला गिटारची नेक आणि पिकअप. त्याने नंतर सांगितलेली गोष्ट अशी की ते घेऊन तो वाजवायला गेला तर लोकांनी फारसं लक्ष दिलं नाही. मग त्याने एक गिटार उभी कापून तिची दोन अर्धुकं ठोकळ्याला दोन्ही बाजूंनी जोडली, आणि त्याच लोकांना ती आवडली. ती अर्धुकं आवाजासाठी नव्हती. ती ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी होती.

अकूस्टिक गिटारमध्ये तरी लाकूड बोलत असेल, असं म्हणाल. तिथे खोकाच आवाज करतो. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी इतरांसोबत एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहा गिटारी, एकाच घडणीच्या, फक्त मागची पाठ आणि बाजू वेगवेगळ्या लाकडाच्या. त्यात ब्राझिलियन रोजवुडही होतं, ज्याच्या नावावर गिटारींच्या किमती कुठच्या कुठे जातात, आणि भारतीय शिसवी, महोगनी, मेपल, सापेली, अक्रोडही. ५२ गिटारवादकांना मंद प्रकाशात, वेल्डिंगचा चष्मा घालून, त्या वाजवायला दिल्या. सहाही गिटारींना मिळालेले गुण जवळपास सारखे निघाले. पुढच्या टॉपचं लाकूड आवाज घडवतं हे खरं आहे, पण तो सहसा स्प्रूसचा असतो, आणि स्प्रूस काही शिसवीच्या कुळातला नाही. दुर्मिळतेचा सगळा बडेजाव मागच्या बाजूला चाललेला असतो, जी वादकाच्या पोटाला टेकलेली असते.

मी हे मित्राला सांगितलं. तो म्हणाला, “मला माहितीये. मला ते आवाजासाठी नकोच आहे. मला ते सुंदर वाटतं.”

हे मला आवडलं, कारण आता तो खरं बोलत होता आणि प्रश्न जास्त कठीण झाला होता. आवाजाचा बहाणा काढून टाकल्यावर महागड्या लाकडाचा बचाव कोसळतो, असं पुष्कळ पर्यावरणप्रेमी समजतात. ‘फक्त दिसण्यासाठी’ असं ते म्हणतात, आणि त्या ‘फक्त’मध्ये निकाल लावून टाकतात. मला हा ‘फक्त’ पटत नाही. दिसण्यासाठी माणसाने किती काय केलं आहे! पैठणीचा पदर थंडीवाऱ्यापासून जास्त वाचवतो म्हणून कोणी विणत नाही. वाड्याच्या दाराला कोरीव गणेशपट्टी नसती तरी दार बंद झालंच असतं. सौंदर्याची भूक ही चैन आहे असं मानलं, तर आपल्या हातात फारच थोडं उरेल, आणि जे उरेल ते प्लायवूडचं असेल.

गिटारच्या कामात तर ही भूक अगदी शेवटी, फिनिशिंगच्या वेळी, उघडी पडते. कच्चं लाकूड, कितीही महाग असलं तरी, रंधा मारल्यावर मळकट दिसतं. १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, २४०, ३२०. प्रत्येक वेळी आधीच्या पेपरचे ओरखडे काढायचे. मग महोगनीसारख्या लाकडाची उघडी रंध्रं भरायची, नाहीतर वरचा थर सुकल्यावर तिथे खळगे पडतात. आणि मग पहिला हात. लाखेच्या चकत्या स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्याच्या बोळ्याने पुसायचा तो हात. फडकं फिरतं तशी लाकडाच्या आतून नक्षी वर येते. फळी तिरकी केली की रेषा हलल्यासारख्या वाटतात, कारण तंतू प्रकाश वेगवेगळ्या कोनात फेकतात. ज्यांनी हे एकदा केलं आहे ते त्या क्षणाबद्दल जरा खालच्या आवाजात बोलतात. काही जण नायट्रोसेल्युलोज लॅकर मारतात, ते पूर्ण कडक व्हायला आठवडे जातात आणि त्याचा वास घरच्यांना छळतो. काही पॉलियुरेथेन मारतात, ते जाड आणि टिकाऊ. मला स्वतःला लाखच बरी वाटते. एका किड्याने पळस, बोर, कुसुमच्या फांदीवर केलेली वस्तू, तीही झारखंड-छत्तीसगडच्या रानातली. ओरखडा पडला तर त्याच जागी पुन्हा हात मारता येतो.

आता गंमत बघा. फेंडरच्या १९५०-६० च्या दशकातल्या पुष्कळ गिटारी, ज्या आज लोक लाखो रुपयांना घेतात, त्या मोटारीच्या रंगांनी रंगवलेल्या होत्या. खाली अल्डर. अल्डर हे तिथे सहज मिळणारं, साधं, फारशी नक्षी नसलेलं लाकूड. वर रंग मारला की खाली काय आहे ते कोणालाच दिसत नाही. लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याने लाकूड निवडताना मिळेल का, कापता येईल का, रंग बसेल का, एवढंच पाहिलं असावं. आणि त्या गिटारींना कुरूप म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

म्हणून मी मित्राला एक प्रश्न विचारला. समज, उद्या कोकोबोलो आपल्याकडे बाभळीसारखं माळावर उगवायला लागलं. सोलापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. त्याच्या खुर्च्या, त्याची बैलगाडीची चाकं, त्याचंच सरपण. तरी तू टॉप त्याचाच करशील?

तो लगेच हो म्हणाला नाही. थोडं थांबून म्हणाला, “बहुतेक हो.” मग आणखी थांबून, “पण एवढा खर्च नसता केला.”

त्या ‘बहुतेक’मध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या आहेत. एक, डोळ्याला भावणारी नक्षी. दुसरी, ती माझ्याकडे आहे आणि तुमच्याकडे नाही, हा आनंद. पहिलीला मी सौंदर्य म्हणीन. दुसरीला नाही. आणि जंगलाला मारते ती दुसरी, कारण तिची एक विचित्र सवय आहे: झाडं जितकी कमी होतील तितकी ती वाढते. साधी गरज महागाईने कमी होते. कांदा महागला की आपण भजी कमी करतो. दुर्मिळतेची हौस महागाईने चेकाळते. ब्राझिलियन रोजवुड १९९२ मध्ये साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात गेलं, म्हणजे नव्या लाकडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळपास बंदच. त्यानंतर त्याच्याभोवतीचं वलय कमी झालं का? उलट झालं.

तेव्हा ‘झाड तर आधीच पडलेलं आहे’ याकडे परत येऊ. हे वाक्य त्या एका झाडाबद्दल खरं आहे. फळीला पुन्हा पालवी फुटणार नाही. पण पैसा मागे जात नाही, पुढे जातो. मी विक्रेत्याला दिलेले पैसे पडलेल्या झाडासाठी नसतात, ते त्याच्या पुढच्या ऑर्डरसाठी असतात. त्याची फळी विकली गेली, हीच त्याला मिळालेली बातमी. म्हणून मला विचारावासा वाटणारा प्रश्न हा, की माझ्या पैशाने हा माणूस उद्या काय करणार आहे? ज्याच्याकडून जुन्या वाड्याची तुळई घेतली तो उद्या दुसऱ्या पडक्या वाड्याकडे जाईल. ज्याच्याकडून बिनकागदाचं कोकोबोलो घेतलं तो दुसऱ्या बिनकागदाच्या फळीकडे जाईल. दोन्ही वेळा झाड पडलेलंच होतं. तरी दोन्ही एक नव्हेत.

‘मी नाही घेतलं तर दुसरा घेईल’ हा त्याचा दुसरा भाग. शक्य आहे. पण पालखीत चालणारा टाळकरी असं म्हणत नाही की माझा एक टाळ थांबला तर कोणाला कळणार आहे. खरंच कळणार नसतं. तरी तो वाजवतो, कारण तो आवाज त्याच्यासकट सगळ्यांचा आहे हे त्याला ठाऊक असतं. वाटा लहान आहे, म्हणून वाटा नाहीच, हे गणित फक्त नको असलेल्या जबाबदारीच्या वेळी आपल्याला सुचतं.

गिटारवाले इथे एक रास्त तक्रार करतात, ती नोंदवायला हवी. रोजवुडच्या चोरट्या व्यापाराचा मोठा हिस्सा गिटारींकडे जात नाही, तो चीनमधल्या पारंपरिक फर्निचरकडे जातो. एका पलंगात किती फिंगरबोर्ड निघतील ते मोजा. असं असताना २०१७ च्या जानेवारीत साइट्सने डाल्बर्जिया कुळातल्या जवळजवळ सगळ्या जाती एकदम दुसऱ्या परिशिष्टात घातल्या, तेव्हा चटका बसला तो वाद्यं बनवणाऱ्या लहान कारागिरांना, गिटार घेऊन सीमा ओलांडणाऱ्या वादकांना, आणि आपल्याकडच्या शिसवीच्या वस्तू निर्यात करणाऱ्यांनाही. खूप ओरड झाली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

म्हणजे २०१६ मध्ये शिसवीची गिटार बिनकागद परदेशी जाऊ शकत होती, २०१८ मध्ये नाही, २०२० मध्ये पुन्हा हो. गिटार तीच. या तीन वर्षांत ती आधी निर्दोष, मग दोषी, मग पुन्हा निर्दोष झाली का? कायदा म्हणतो, झाली. आपल्या आतला माणूस म्हणतो, असं कसं होईल. मला वाटतं कायदा इथे काही चुकत नाही. त्याचं काम वाईटपणा मोजायचं नाही, लाकूड कोणत्या वाटेने जातं त्यावर चौक्या बसवायचं आहे. चौक्या हलतात. घोळ आपण करतो, चौकीलाच नीतीची हद्द समजून. ‘लीगल आहे ना, मग झालं’ हे म्हणणं सोपं पडतं.

कायद्याच्या या हद्दी किती बारीक असू शकतात, याची एक गोष्ट भारताशी जोडलेली आहे. गिब्सन या अमेरिकी गिटार कंपनीच्या कारखान्यांवर २००९ आणि २०११ मध्ये सरकारी छापे पडले. पहिला मादागास्करच्या एबनीवरून. दुसरा भारतातून आलेल्या शिसवी आणि एबनीच्या पट्ट्यांवरून, ज्यांचे पुढे फिंगरबोर्ड होणार होते. अमेरिकेतल्या लेसी कायद्यात २००८ मध्ये झालेल्या बदलानुसार, ज्या देशातून लाकूड आलं त्या देशाचा नियम मोडला असेल तर अमेरिकेतही तो गुन्हा. आणि भारताचा नियम ढोबळमानाने असा, की नुसतं कापलेलं लाकूड बाहेर पाठवायचं नाही, तयार माल पाठवायला हरकत नाही. त्यामागचा हेतू उघड आहे: काम इथल्या हातांना मिळावं. मग प्रश्न उभा राहिला की अशी पट्टी म्हणजे लाकूड की गिटारचा भाग? तिच्यावर किती रंधे मारले म्हणजे ती लाकूड राहत नाही? २०१२ मध्ये तडजोड झाली. गिब्सनने मादागास्करच्या प्रकरणात तीन लाख डॉलर दंड भरला, वर पन्नास हजार डॉलर निसर्गरक्षणाच्या कामाला दिले. भारतीय लाकूड परत मिळालं. त्या परत मिळालेल्या लाकडातून कंपनीने पुढे ‘गव्हर्नमेंट सिरीज’ नावाच्या गिटारी काढून विकल्या! अमेरिकेतल्या राजकारणात ही गोष्ट सरकारी जुलूम म्हणून गाजली. मादागास्करमध्ये मात्र त्याच २००९ साली राजकीय उलथापालथीचा फायदा घेऊन मारोजेजी आणि मासोआला या राष्ट्रीय उद्यानांतून रोजवुड आणि एबनी लुटून नेली जात होती. कागदांवरच्या वादात ते जंगल कोणाला फारसं आठवलं नाही.

तर मग दुर्मीळ लाकडाला हातच लावू नये, हे उत्तर का नाही? काही काळ मलाही ते स्वच्छ वाटायचं. पण ब्राझीलचं अटलांटिक किनाऱ्याचं जंगल, जिथे ते प्रसिद्ध रोजवुड होतं, ते मुख्यतः गिटारींमुळे गेलं नाही. ते ऊस, कॉफी, गुरं आणि शहरांमुळे गेलं. ज्या झाडाला काहीच भाव नाही, त्याच्या जागी कोणीतरी भाव असलेलं काहीतरी लावतो. कॅमेरूनमध्ये टेलरने २०१६ पासून तिथल्या संशोधकांसोबत एबनी लावायचं काम हाती घेतलं, त्यात गावकऱ्यांना फळझाडंही दिली जातात. कारण एबनी तोडायजोगी व्हायला माणसाचं एक आयुष्य पुरत नाही, आणि गावातल्या माणसाला यंदा काहीतरी खायला लागतं. हे काम टिकेल ते कोणाला तरी एबनी हवी आहे म्हणूनच. जो माणूस ते लाकूड कधीच वापरणार नाही, तो त्या जंगलाबद्दल चांगलं बोलेल, पण पैसे पाठवील का? त्यामुळे ‘वापरू नका’ यापेक्षा ‘कोणाकडून, किती आणि कशासाठी’ हे मला जास्त प्रामाणिक वाटतं, जरी त्यात पळवाटा जास्त आहेत.

आणि परंपरेचं काय, असा एक मुद्दा नेहमी येतो. वाद्यं अशीच बनत आली आहेत, साहित्य बदललं तर आत्मा जाईल. याचं उत्तर आपल्या मिरजेत आहे. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शस्त्रांना धार लावणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात या कामात आली, असं तिथे सांगतात. तानपुऱ्याचा दांडा तुणीच्या लाकडाचा, आणि खालचा भोपळा खरोखरचा भोपळा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात पिकवलेला. ज्या वाद्याच्या सुरावर आपण भक्तिभावाने डोळे मिटतो, त्याचं पोट एका हंगामात वेलीवर येतं!

पूर्वी चांगल्या वाद्यांवर हस्तिदंती काम असायचं, आणि ज्या घोडीवरून तारा जातात ती सांबरशिंगाची असायची. जवारी काढायची ती त्या शिंगावरच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि पुढच्या बंद्यांनंतर ते सगळं हळूहळू गेलं. उंटाचं हाड आलं, एबनी आली, प्लास्टिकसारखे पदार्थ आले. मी मिरजेत एका वयस्कर कारागिरांना विचारलं, “चाचा, शिंगाची जवारी वेगळी लागायची का हो?” ते कानस चालवत म्हणाले, “लागायची की. हाडाचीबी वेगळी लागते. हात बसला की झालं.” त्यांनी शिंगाची आठवण काढून उसासा टाकला नाही. मला त्याचं आश्चर्य वाटलं, मग वाटलं की उसासे बहुतेक आपण, न बनवणारे लोक, टाकतो. पियानोच्या हस्तिदंती पट्ट्याही अशाच गेल्या आणि संगीत थांबलं नाही. फेंडरनेही २०२० मध्ये स्वॉम्प अ‍ॅश हे लाकूड नेहमीच्या उत्पादनातून बहुतांशी काढून टाकलं, कारण मिसिसिपीच्या खोऱ्यातले पूर आणि झाड पोखरणारा एक हिरवा भुंगा यांनी पुरवठ्याची वाट लावली. काही लोक हळहळले. गिटारी विकल्या जात राहिल्या.

माझ्या मित्राला मात्र मिरजेपेक्षा ब्रायन मेची गोष्ट जास्त लागली, आणि ते साहजिक आहे, तो क्वीनचा वेडा आहे. (ज्या बँडचा गायक पाचगणीच्या शाळेत शिकला, तोच.) १९६३ मध्ये किशोरवयीन ब्रायन आणि त्याचे इलेक्ट्रॉनिक्स जाणणारे वडील, दोघांनी घरात गिटार बनवायला घेतली, कारण विकत घ्यायला पैसे नव्हते. नेक एका जुन्या फायरप्लेसच्या महोगनीतून कोरली. त्याला किड्यांनी पाडलेली भोकं होती, ती काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. बॉडीसाठी जुन्या टेबलाचं ओक. फिंगरबोर्डवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. ट्रेमोलोच्या स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या. सुमारे दोन वर्षं लागली. पुढे तीच गिटार घेऊन तो २००२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभा राहिला. या गिटारीचं दुर्मिळपण निराळ्या जातीचं आहे. ती एकच आहे, कारण ती बटणं दुसऱ्या कोणाच्या आईची नव्हती. यासाठी पनामातलं काहीही पाडावं लागलं नाही.

मी मित्राला काय करायला सांगितलं, असं विचाराल. मी सांगितलं, विक्रेत्याला कागद पुन्हा माग, आणि नसतील तर सोड. तो चिडला. म्हणाला, “तू फोनवरून नीतिमत्ता सांगतोस, तुझ्या त्या फोनमध्ये कुठल्या खाणीतलं काय काय आहे, माहितीये का?” बरोबर आहे. माझ्या फोनचा हिशोब मला देता येत नाही. पण ज्याचा हिशोब लागत नाही अशा पुष्कळ गोष्टींमध्ये आपण जगतो, म्हणून ज्याचा लागतो तोही लावू नये, हे मला पटलं नाही, आणि ते मी त्याला म्हणालो. गिटार आपण गरज म्हणून करत नाही, कोणी घाई करत नाही, शनिवार-रविवार आपलेच असतात. आयुष्यात इतक्या सावकाश निवडता येईल अशी वस्तू दुसरी कुठली आहे?

आठवडाभर तो बोलला नाही. विक्रेत्याचे कागद आले नाहीत. मग एका रविवारी त्याने फोटो पाठवला. कसबा पेठेतल्या कुठल्याशा पाडलेल्या वाड्याची सागवानी तुळई, वखारीतून घेतलेली, मधोमध चिरलेली. आत मधासारखा रंग आणि एका बाजूला खिळ्याचं भोक, त्याच्याभोवती गंजाने झालेला निळा-काळा डाग. खाली त्याने लिहिलं होतं की सागात तेल असतं, त्यामुळे गोंद लावण्याआधी ॲसिटोनने पुसावं लागेल, वजनही जास्त होणार, म्हणून बॉडी आतून पोखरतो आहे. आणि कोकोबोलोचे फोटो अजून फोनमध्ये आहेत, कधीकधी उघडून बघतो, असंही लिहिलं होतं.

डागाचं काय करायचं, हे त्याचं अजून ठरलेलं नाही. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने तो काढता येतो. मी म्हटलं राहू दे. त्याची आई म्हणते, काढ, घाण दिसतंय.